रिकाम्या कोनाड्याची किल्ली

फार मागची गोष्ट. इतकी मागची, की तेव्हा चिमण्या बोलायच्या आणि माणसं अधूनमधून ऐकायचीसुद्धा.

दोन नद्यांच्या बेचक्यात एक गाव होतं. गावातले सगळे ख्रिस्ताला मानणारे. माणसं भली होती. भांडायची, पण जेवणाच्या वेळी थांबायची. प्रार्थना लांबलचक करायची, आणि प्रार्थना चालू असताना एक डोळा किलकिला ठेवून शेजाऱ्याने डोळे मिटलेत की नाही ते बघायची. हसू नका. तो किलकिला डोळा आपल्याकडेही आहे.

त्यांच्या पणजोबांनी दगडी प्रार्थनामंदिर बांधलं होतं. बांधताना समोरच्या भिंतीत, वेदीच्या वर, दोन पुरुष उंचीवर एक मोठा कोनाडा ठेवला. एक माणूस मांडी घालून बसेल एवढा.

गवंड्याने विचारलं, "यात काय ठेवायचं?"

पणजोबा म्हणाले, "काहीच नाही. रिकामा राहू दे. पोरांनी वर बघितलं की त्यांना आठवेल, देवाच्या जागी दुसरं काही ठेवायचं नसतं."

विचार चांगला होता. आता चांगल्या विचाराचं माणसं काय करतात ते बघा.

रिकाम्या जागेवरही धूळ बसते. म्हणून कोनाडा दर शनिवारी पुसायचं ठरलं. पुसायचा तर शिडी हवी. शिडी केली. त्या शिडीवरून एकजण घराची कौलं बसवायला चढला, तर गाव खवळलं. कोनाड्याची शिडी, आणि तिच्यावर चिखलाचे पाय! मग शिडी आत भिंतीला साखळीने बांधली. साखळीला कुलूप आलं. कुलपाला किल्ली आली. किल्लीला राखणदार आला. राखणदार आला म्हटल्यावर त्याला पहिल्या बाकावर जागा आली, आणि लग्नाच्या पंगतीत त्याचं पान आधी वाढायची पद्धत आली. पुढे कोनाड्याला चुना कुणी द्यायचा यावरून दोन घराण्यांत डोकी फुटली. कोनाडा मात्र रिकामाच होता बरं का. अगदी रिकामा.

आपल्या गोष्टीच्या वेळी राखणदार होते नहेम्याआबा. पांढरीशुभ्र दाढी, ताठ मान, कमरेला किल्ली. शनिवारी ते उपाशीपोटी शिडी चढायचे. खाली लोक टोप्या काढून उभे राहायचे. आबा कोनाडा पुसायचे, आत एकदा नीट बघून घ्यायचे आणि वरूनच सांगायचे, "काही नाही!"

खालून सगळे म्हणायचे, "आमेन!"

पाहुणा आला, की चहापाण्याआधी त्याला हाताला धरून आत न्यायचे.

"बघा, आहे का काही?"

"नाही."

"नीट बघा की हो!"

"खरंच काही दिसत नाही."

"दिसणारच नाही! पलीकडच्या गावात जा, तिथले लोक पैशाला पुजतात. त्याच्या पलीकडचे मानपानाला. आमच्याकडे या बाबतीत स्वच्छ कारभार." एवढं बोलून तो गावकरी कोनाड्याकडे बघून मान हळूच खाली घालायचा. त्याच्याही नकळत. पाहुणा शहाणा असला तर गालातल्या गालात हसायचा, मूर्ख असला तर तोही मान खाली घालायचा.

एका शनिवारी आबा वर चढले, तर कोनाड्यात चिमणीने घर केलेलं. काड्या, कापूस, आणि मधोमध तीन पिल्लं, नुसत्या चोची.

"ऊठ इथून," आबा म्हणाले.

"आबा, जागा रिकामीच होती ना?" चिमणी म्हणाली.

"रिकामीच आहे. म्हणूनच तू नको."

"मग कुणासाठी राखून ठेवलीय?"

आबांना उत्तर सुचलं नाही. उत्तर सुचलं नाही की माणूस चिडतो, आणि चिडलेल्या माणसाचे हात लवकर चालतात. घरटं खाली फरशीवर पडलं. लोक म्हणाले, "आबांचा विश्वास बघा! लहान पिल्लं बघूनसुद्धा डगमगला नाही." चिमणी त्या फरशीवर संध्याकाळपर्यंत उड्या मारत राहिली. तिच्याकडे कुणी बघितलं नाही. सगळे वर बघत होते.

टोपल्या विणणारी हन्नाम्हातारी होती, तिचंही असंच झालं. तिला उपासनेत गीताची अक्षरं दिसेनात. तिने वेळूच्या टोकाला पणती बांधली आणि ती उजेडासाठी कोनाड्यात टेकवली. तिला तीन महिने प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली पवित्र भाकर, बंद झालं.

"दिवा ठेवलास? तिथे?" आबा गरजले.

"दिसत नव्हतं म्हणून ठेवला," म्हातारी म्हणाली. "देवाला राग आला असता तर त्याने फुंकर मारली असती. फुंकर तर तुम्ही मारली."

लोकांनी कानांवर हात ठेवले. म्हातारीने जीभ चावली, पण फार जोरात नाही.

इथवर गंमत होती. इथून पुढे गंमत नाही. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर मला बोल लावू नका.

आबांना एकच लेक होती, दोर्का. तिचा नवरा मागच्याच वर्षी तापाने गेला होता. तिला आठ महिन्यांची मुलगी होती, सलोमी. घरात सगळे सलू म्हणायचे. आबांना गावात कुणी हसताना पाहिलं नव्हतं, पण सलूने दाढी धरून ओढली की आबांना हसू फुटायचं. म्हणजे माणूस दगडाचा नव्हता. हे लक्षात ठेवा. दगडाचा असता तर गोष्ट सोपी झाली असती.

रविवारी सकाळी उपासना चालू होती. सलूला दोन दिवसांपासून ताप होता, तरी दोर्का तिला घेऊन आली होती. वरच्या डोंगरांत आठवडाभर पाऊस कोसळत होता. तिसरं गीत चालू असताना दोन्ही नद्या एकदम गावात शिरल्या. दार बंद करेपर्यंत पाणी गुडघ्यांवर आलं. बाहेर लोंढा असा, की बैल वाहून जाताना दिसले. बाहेर पडणं संपलं.

माणसं बाकांवर चढली. पाणी बाकांवर आलं. मग कमरेपर्यंत आलं. मग छातीला लागलं. बापांनी पोरांना खांद्यांवर घेतलं. दोर्का ठेंगणी. तिने सलूला दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं. पाणी बर्फासारखं गार, छतातून गळणारी धार पोरीच्या अंगावर, आणि पोर तापाने फणफणलेली.

"आबा," दोर्का म्हणाली, "शिडी सोडा. सलूला वर ठेवू. तिथे कोरडं आहे."

सगळ्यांनी कोनाड्याकडे बघितलं. पांढरा, कोरडा, रिकामा. मग सगळ्यांनी आबांकडे बघितलं.

आबांचा हात कमरेला गेला, किल्लीवर. तिथेच थांबला.

"पाणी उतरेल, पोरी. प्रार्थना कर."

"करतेय. शिडी सोडा."

"तीन पिढ्यांत तिथे काही ठेवलं नाही, दोर्का. आज माझ्या नातीला ठेवली तर लोक म्हणतील, नहेम्याने देवाच्या जागी आपलं रक्त बसवलं."

"बसवत नाहीये हो, आबा! कोरडी ठेवतेय!"

एका तरुण बापाने शिडीकडे बघितलं. कुलूप जुनं होतं, दगडाच्या एका घावात तुटलं असतं. त्याने आजूबाजूला बघितलं, आणि त्याची नजर खाली पाण्याकडे गेली. आपणच पहिले कशाला, असं त्याला वाटलं असणार. आपल्या सगळ्यांना तसंच वाटतं.

हन्नाम्हातारी खिडकीचा गज धरून कशीबशी उभी होती. ती ओरडली, "द्या रे तिला किल्ली!" पण तीन महिने प्रभुभोजनाबाहेर ठेवलेल्या बाईचं कोण ऐकतं?

दोर्काचे हात खाली यायला लागले. "कुणीतरी धरा हो," ती म्हणाली. आणि माणसं भली होती, हे मी तुम्हाला सुरुवातीलाच सांगितलं. लगेच दहा हात पुढे आले. सलू एका हातातून दुसऱ्या हातात गेली. ज्याने त्याने तिला थोडा वेळ उंच धरलं, तिच्यासाठी पुटपुटत प्रार्थना केली, आणि दमल्यावर पुढच्याकडे दिली. सगळ्या मंडळीने तिला धरलं. कुलूप कुणीच तोडलं नाही.

शेवटी ती आबांकडे आली. आबांनी तिला डाव्या हाताने छातीशी धरलं. उजवा हात किल्लीवर होता.

"आबा," दोर्का म्हणाली. आता तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "जुन्या काळी एका बापाने देवाच्या सांगण्यावरून लेकराला वेदीवर ठेवलं होतं ना?"

"हो. तो विश्वास, पोरी. तोच विश्वास."

"त्याला देवाने हाक मारून थांबवलं. तुम्हाला तुमचा कोनाडा हाक मारणार आहे का?"

आबांनी वर बघितलं. खरंच बघितलं, वाट बघितल्यासारखं. कोनाडा काही बोलला नाही.

सलूने त्यांची दाढी धरली होती. ती मूठ सैल झाली, तेव्हा आबांना वाटलं पोर झोपली. आता किल्ली लावायची गरज नाही, असंही त्यांना वाटलं, आणि जरा बरंही वाटलं. पोर झोपली नव्हती.

दुपार कलता पाणी उतरलं. भिंतीवर चिखलाची रेघ राहिली. कोनाडा त्या रेघेच्या कितीतरी वर होता. त्याच्यावर एक शिंतोडासुद्धा नव्हता.

लोक हळूहळू खाली बसले. एकजण सवयीने कोनाड्याकडे बघून म्हणाला, "देवाची कृपा. कोनाडा वाचला."

कुणीही आमेन म्हटलं नाही.

दोर्काने बापाच्या हातातून लेक काढून घेतली. आबा तसेच बसून राहिले, डावा हात वाकवलेला, जणू अजून त्यात काही आहे.

दफनासाठी खड्डा खणायला माणसं आली, तर आबांनी त्यांना बाजूला केलं. स्वतः पहार घेतली. खड्डा लहान होता, पण आबांना खूप वेळ लागला. माती पडली. दोर्काने शेजारी उभ्या हन्नाचा हात धरला आणि ती तिच्याबरोबर निघून गेली. तीच पहार खांद्यावर टाकून आबा प्रार्थनामंदिरात गेले. त्यांनी किल्ली काढली, कुलूप उघडलं, शिडी लावली. आयुष्यात पहिल्यांदा चिखलाच्या पायांनी चढले. आणि कोनाड्याच्या पाठच्या दगडांत पहार घातली.

लोक धावत आले. "आबा, हे काय करता? पणजोबांनी बांधलेला आहे तो! आणि रिकामा आहे, त्यात मूर्ती थोडीच आहे?"

आबा वरूनच वळले. शनिवारी जिथून "काही नाही" म्हणायचे, तिथूनच.

"आहे रे," ते म्हणाले. "इतकी वर्षं मी दर शनिवारी वर चढून कुणाचे पाय पुसत होतो? माझेच. मी बसलो होतो इथे. आणि तुम्ही टोप्या काढून उभे होता, तेव्हा तुम्हीही माझ्या शेजारीच बसला होता. म्हणूनच माझ्या नातीला जागा उरली नाही."

खाली सगळे जागच्या जागी उभे राहिले. फक्त तो तरुण बाप पुढे आला आणि शिडी घट्ट धरून उभा राहिला. उशीर झाला होता, पण धरली.

शेवटचा दगड पलीकडे पडला आणि आत उजेड आला. त्या उजेडात सगळ्यांना सगळं दिसलं: चिखल, मोडलेले बाक, आणि एकमेकांची तोंडं. ती बघवत नव्हती. आबा गुडघ्यांवर बसले, वेदीकडे तोंड करून नव्हे, दाराकडे तोंड करून, जिथून दोर्का परत आली तर आली असती.

ती आली नाही. त्या रविवारी नाही, पुढच्याही नाही. ती हन्नाच्या घरी टोपल्या विणायला लागली. बापाच्या दारात भाकरी आणून ठेवायची, पण त्यांना आबा म्हणून हाक तिने पुन्हा कधी मारली नाही. देवाने आबांना क्षमा केली असेल. देव मोठा आहे. लेकीवर आपण जबरदस्ती करू शकत नाही.

आता शेवटचं ऐका, म्हणजे माणसाची जात कळेल. महिना झाला नसेल, तोच गावातले चार प्रतिष्ठित आबांकडे आले.

"आबा, एक विचार आहे. ती पहार आपण धुऊनपुसून भिंतीवर लावू. पोरांनी बघितली की त्यांना आठवेल, आपण कोनाडा कसा फोडला ते."

आबांनी चौघांकडे बघितलं. मग हसले. सलू गेल्यापासून पहिल्यांदा, आणि ते हसू बघून चौघे दोन पावलं मागे सरले.

"पहार घेऊन जा," आबा म्हणाले. "वाहून गेलेल्या घरांचे पाये खणा तिने. झिजू दे. पार झिजली की फेकून द्या, आणि कुठे फेकली ते पोरांना सांगू नका."

भोकातून पुढे चिमण्या ये-जा करायला लागल्या. त्या आता बोलत नाहीत. बहुतेक त्यांचं विचारून झालंय.

तर ऐकणाऱ्यांनो, हे ध्यानात ठेवा: देवाच्या जागी आपण काहीच ठेवलेलं नाही याचा ज्याला गर्व चढला, त्याने तिथे स्वतःलाच बसवलेलं असतं.