सांगणीचा कातळ

केळवशी खाडीच्या अलीकडच्या काठावर पुरुषभर उंचीचा एक काळा कातळ आहे. माघी पौर्णिमेला प्रत्येक घरातले एक माणूस त्यावर चढून वर्षभरात गवसलेली एक खूण मोठ्याने सांगते. पलीकडून ‘आयकलां!’ असा गजर उठल्याखेरीज खाली उतरायचे नाही. या प्रथेचे मूळ सांगताना वृद्ध सोनूतात्या गाबितांचा आवाजही त्या गजराइतकाच चढतो.

पूर्वी म्हणे, अलीकडचे मासेमार गाबित आणि पलीकडच्या सड्यावरचे, म्हणजे उघड्या कातळपठारावरचे धनगर एकमेकांना काहीच सांगत नसत. गाबितांपाशी गाळातून पार नेणाऱ्या घट्ट वाळूच्या वाटेची खूण होती. धनगरांपाशी उन्हाळ्यातही न आटणाऱ्या झऱ्याची. खूण परक्यासमोर उच्चारली की पुसली जाते, अशी दोघांचीही श्रद्धा.

एका वैशाखात सड्यावर वणवा पेटला. धनगर मुलाबाळांसह, गुरांसह खाडीवर धावले. मागे आग, पुढे गाळ, आणि भरती चढू लागलेली! मासळी वाळत घालणारी आवडू ही गाबितांची सून ते पाहून थेट कातळावर चढली.

सासरा खालून ओरडला, “घरची खूण गावाक वाटतंस? उतर खाली!”

“मामांनू, ती माणसां बुडली तर खूण लपवतलास कोणापासून?”

आणि तिने हाक दिली, “जोडमाडांच्या मधी देवळाचो कळस धरा नि सरळ येवा! उजवीकडे पाय टाकू नकात!”

“आयकलां!” धनगरांचा म्होरक्या धाकू गर्जला. शेवटचे वासरू पार झाले तेव्हा पाणी छातीला लागले होते, असे सांगतात.

पावसाळ्यानंतर पाहतात तो वाळूची वाट खरोखरच नाहीशी! सासरा म्हणाला, “बघ, पुसली मां?”

“ह्या साली माझ्यामुळे पुसली. मगे गेल्या वर्सा कोणी खूण सांगूक नव्हती, तरी काठी घेवन गाळात वाट कित्या शोधी होतास?”

म्हातारा खो खो हसला. त्याच वेळी धाकू आपली माणसे आणि काठ्या घेऊन होडीतून पलीकडून आला. कातळावर चढून त्याने प्रथम झऱ्याची जागा सांगितली. मग दोन्ही काठांची माणसे गाळात उतरली आणि एका ओहोटीत नवी वाट सापडली.

धनगर हीच गोष्ट सांगतात तेव्हा कातळावर पहिल्यांदा धाकूच चढतो. मानाचा हा वाद अद्याप मिटलेला नाही.

खाडीवर पूल झाला, वाळूच्या वाटेने आता कोणी जात नाही. तरी आजही ती दरवर्षी नव्याने शोधली जाते. कातळावरची पहिली हाक त्या वाटेच्या खुणेचीच असते, आणि पलीकडे सड्याखालून शेकडो कंठ एकदम उसळतात: “आयकलां!”