साळुंकीची उजळणी

नदीकाठच्या एका रानात, जुन्या उंबराच्या ढोलीत एक साळुंकी राहायची. बाळांनो, आपल्या मूर्खपणाची गोष्ट ती स्वतःच सांगत सुटायची, तीही कुणी विचारायच्या आधी. "मूर्ख आया पुष्कळ असतात गं," ती शेजारच्या खारीला म्हणायची, "पण पोटच्या पोरीला नापास करायला निघालेली मी एकटीच."

झालं होतं असं. साळुंकीला एकुलती एक लेक. नदीपलीकडच्या पठारावर गाणाऱ्या पाखरांची मोठी शाळा होती. तिथे जायचं तर आधी बगळे गुरुजींची साहित्याची तोंडी परीक्षा पास व्हावी लागे. पास झालं की पलीकडे, आणि मग घरी यायचं ते वर्षातून एकदा. परीक्षा उद्यावर आली तशी लेक अलंकारांची उजळणी करायला बसली. आता साळुंक्यांची रीत अशी, की वही नाही, पुस्तक नाही. आईने म्हणायचं आणि पिलाने ऐकून तसंच्या तसं म्हणायचं. एकदा कानात बसलं की बसलं.

"आई, उपमेय आणि उपमान एकदा सांग ना. माझा तिथेच घोळ होतो."

साळुंकी लेकीच्या पिवळ्या चोचीकडे बघत होती. दोन दिवसांनी ही चोच समोर नसणार, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. आणि तिच्या तोंडून गेलं, "ज्याच्याशी तुलना करतात ते उपमेय. ज्याची करतात ते उपमान." खरं तर आहे याच्या बरोबर उलट.

लेकीने ते तीनदा म्हटलं. मग साळुंकीने विचारलं, "माझं पिलू सावरीच्या कापसासारखं मऊ. यात उपमेय कोण?"

"कापूस."

"आणि पिलू?"

"उपमान."

"शाब्बास," साळुंकी म्हणाली. त्या रात्री आपल्या वाट्याचा किडाही तिने लेकीलाच भरवला.

सकाळी नदीवरच्या करंजाच्या फांदीवर परीक्षेला आलेली पाखरं ओळीने बसली होती. लेक खुशीत होती. "आई, बाकी कुणाचं विसरेन, पण तू शिकवलेलं मी कधी विसरत नाही," ती म्हणाली. साळुंकीने मान दुसरीकडे फिरवली, तिकडे बघण्यासारखं काही नव्हतं, म्हणून परत वळवली.

"ऐक. मी तुला उलटं शिकवलंय. उपमेय आणि उपमान. मुद्दाम."

लेकीने वळून आईकडे पाहिलं. "का?"

"नापास झालीस तर राहशील म्हणून."

लेकीने पंख झाडले आणि आईला खेटून बसली. "मग आता सुलट सांग. माझ्या आधी फक्त सुगरण आणि तितर आहेत. तितर फार वेळ टिकायचा नाही."

साळुंकीने सुलट सांगितलं. एकदा नाही, पाच वेळा. कापूस उपमान, पिलू उपमेय. दर वेळी तिचा आवाज थोडा खाली जात होता, आणि लेकीचा वर.

लेक पास झाली. दुसऱ्याच दिवशी नदी ओलांडून गेली.

मग सावरीची बोंडं फुटली. रानभर कापूस उडायला लागला. एक पुंजका ढोलीच्या तोंडाशी येऊन अडकला, की साळुंकी दचकून सरसावून बसायची. घाणेरीच्या पिवळ्या फुलातही तिला चोच दिसायची. उपमानं सगळी इथेच होती, उपमेय तेवढं नदीपलीकडे गेलं होतं.

"रोज तिकडे तोंड करून काय गं बसतेस?" खार विचारायची.

"उजळणी करते," साळुंकी म्हणायची.

एके दिवशी एक करकोचा पठाराकडे निघाला. लेकीला काय निरोप धाडावा, हे साळुंकीला सुचेना. तेव्हा तिने आपल्या मूर्खपणाचीच गोष्ट केली, शेवटी तात्पर्य जोडलं, आणि ती करकोच्याकडून पाठ करून घेतली.

तात्पर्य : लेकरू जवळ राहावं म्हणून त्याला चुकीचं शिकवू नये. खरं तेच शिकवावं, आणि मग खुशाल वाट बघत बसावं.

आठवड्याने करकोचा उत्तर घेऊन आला. "लेक म्हणाली, उत्तर बरोबर आहे. पण तात्पर्य एका वाक्यात हवं. अर्धा गुण कापलाय."