खारीचा दाणा आणि बाबाचा अंगठा

काल आईला झोपच लागली नाही. या कुशीवर वळली, काळजी. त्या कुशीवर वळली, काळजी.

कारण बाबा म्हणाला होता, "उद्या सुट्टी. उद्या स्कूटर मी घरीच दुरुस्त करतो!"

मागे बाबाने मिक्सर दुरुस्त केला होता. तो मिक्सर अजून गप्प आहे.

उजाडलं. आज खंडेनवमी. आज हत्यारांची पूजा. हातोडी पाटावर बसली. पक्कड पाटावर बसली. मोठा पाना मधोमध बसला. आईने त्याला तेलाचं बोट फिरवलं. झेंडूचं फूल वाहिलं. मग लावलं कुंकू, चिमूटभर. मग काळजी वाटली, म्हणून आणखी चिमूटभर. मग उगीच आणखी थोडं.

"आज यांना सुट्टी हं," आई म्हणाली. "आज कुणी हात लावायचा नाही."

"एकच नट गं!" बाबा म्हणाला. आणि पाना उचलून अंगणात गेला.

अंगणात होती एक इवलीशी खार. तिला सापडला होता एक शेंगदाणा. टपोरा, गुलाबी. तिने तो खाली ठेवला आणि मिशा पुसल्या. एवढंच केलं हो तिने!

तेवढ्यात सुळ्ळकन् पाना निसटला. बाबाच्या अंगठ्यावर. ठक्क!

स्कूटर स्टँडवरून उतरली. धप्प!

चाक दाण्यावर बसलं. कच्च!

"आई गं!" बाबा ओरडला.

"चिर्र!" खार ओरडली. तिची शेपूट ही एवढी फुगली.

खार गेली स्कूटरकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"स्कूटरबाई, स्कूटरबाई, हल ना गं. माझा दाणा मिळेना!"

"अगंबाई!" स्कूटर म्हणाली. "पण बाबाने ढकलल्याशिवाय मी नाही हलणार."

खार गेली बाबाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. बाबा अंगठा धरून एका पायावर नाचत होता.

"बाबा, बाबा, ढकल ना रे. स्कूटर हलेना, माझा दाणा मिळेना!"

"बाप रे!" बाबा म्हणाला. "पण पट्टी चिकटल्याशिवाय मी नाही ढकलणार."

खार गेली औषधांच्या डब्यातल्या पट्टीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"पट्टीताई, पट्टीताई, चिकट ना गं. बाबा ढकलेना, स्कूटर हलेना, माझा दाणा मिळेना!"

"शी शी शी!" पट्टी म्हणाली. "अंगठा बघ तो, काळाकुट्ट! साबण फेसाळल्याशिवाय मी नाही चिकटणार."

खार गेली साबणाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"साबणभाऊ, साबणभाऊ, फेसाळ ना रे. पट्टी चिकटेना, बाबा ढकलेना, स्कूटर हलेना, माझा दाणा मिळेना!"

"अरे देवा!" साबण म्हणाला. "पण नळ वाहिल्याशिवाय मी नाही फेसाळणार."

खार गेली नळाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"नळोबा, नळोबा, वाहा ना रे. साबण फेसाळेना, पट्टी चिकटेना, बाबा ढकलेना, स्कूटर हलेना, माझा दाणा मिळेना!"

"अबब!" नळ म्हणाला. "पण आईने डोळे उघडल्याशिवाय मी नाही वाहणार. तिला मी दिसायला नको?"

आई नळापाशीच उभी होती. डोळे घट्ट मिटून.

तिने बाबाचा अंगठा पाहिला होता. लाल! लाल लाल लाल!

आई शिकलेली होती. जखम झाली तर काय करावं, त्याचं पुस्तक तिने दोनदा वाचलं होतं. पुस्तकात लिहिलं होतं, आधी धीर धरा. आईने आधी नळाची तोटी धरली होती.

खार गेली आईकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"आई, आई, डोळे उघड ना गं. नळ वाहेना, साबण फेसाळेना, पट्टी चिकटेना, बाबा ढकलेना, स्कूटर हलेना, माझा दाणा मिळेना!"

"अगं आई आई गं!" आई म्हणाली. "पण कुणीतरी त्या अंगठ्याला फू केल्याशिवाय मी नाही डोळे उघडणार!"

आता कुणाकडे जायचं?

उंबऱ्यावर बसली होती मनू. मनू एवढीशी. तिच्या हातात झेंडूचं फूल होतं. खार गेली मनूकडे. तुरु... तुरु... दमली बिचारी.

"मनू, मनू, फू कर ना गं. आई डोळे उघडेना, नळ वाहेना, साबण फेसाळेना, पट्टी चिकटेना, बाबा ढकलेना, स्कूटर हलेना, माझा दाणा मिळेना!"

मनू "अगंबाई" म्हणाली नाही. मनू "बाप रे" म्हणाली नाही. मनू "पण" सुद्धा म्हणाली नाही.

मनू म्हणाली, "हो."

खारीला इतका धक्का बसला, की फुगलेली शेपूट फुस्स झाली.

मनू निघाली. ठुमक ठुमक, ठुमक ठुमक. बाबा खाली वाकला.

"फूऽऽऽ!"

मनूने केलं फू, आईने उघडले डोळे. आधी एक. मग दुसरा.

आईने उघडले डोळे, नळ वाहिला खळखळ.

नळ वाहिला खळखळ, साबण फेसाळला फसफस. काळं गेलं. लाल गेलं.

आईने वाकून पाहिलं. अगंबाई! हे काय?

रक्त कुठंय? ते तर कुंकू होतं! पान्यावरचं कुंकू! खाली होता एक ओरखडा, मुंगीएवढा. आणि नख जरासं निळं.

"एवढं कुंकू पान्याला कुणी फासलं?" बाबाने विचारलं.

आई घाईघाईने पट्टी शोधू लागली.

साबण फेसाळला फसफस, पट्टी चिकटली चिट्ट!

पट्टी चिकटली चिट्ट, बाबाने ढकललं हुंऽऽऽ!

बाबाने ढकललं हुंऽऽऽ, स्कूटर हलली घरंगळ घरंगळ.

स्कूटर हलली घरंगळ घरंगळ, खारीला दाणा मिळाला!

बाबाने पाना धुतला, पुसला आणि पाटावर नेऊन बसवला.

"आणि नट?" आईने विचारलं.

"नट परवा गॅरेजात," बाबा म्हणाला. अगदी हळू.

खारीने दाणा हातात घेतला. उलटा केला. सुलटा केला. टपोरा दाणा पार चपटा झाला होता. पोळीसारखा!

खार दाण्याकडे बघत राहिली. बाबा बघत राहिला. आईला परत काळजी वाटली.

मनू म्हणाली, "दाण्याला पण बाऊ झाला. आई, आता तू फू कर. डोळे नाही मिटायचे हं!"