परतीचा शब्द

एकदा काय झालं, काहीच नव्हतं. आकाश नाही, जमीन नाही, नुसता काळोख. मग त्या काळोखात कुणीतरी 'आ' म्हणालं, आणि वर आकाश उघडलं. मग 'ऊ' म्हणालं, आणि खाली समुद्र साठला. मग 'ओ' म्हणालं, आणि समुद्रातून जपानची बेटं वर आली. कोण म्हणालं ते मला विचारू नका, मी काही तिथे नव्हते.

तेव्हापासून त्या देशात प्रत्येक आवाजात जीव असतो, बरं का. बोललेलं खरं होतं. आपण नाही का, घरातून निघताना 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो? तसंच. आणि लग्नात तर तिथे 'परत' हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही. काढला तर नवरी संसार मोडून माहेरी परत येते.

तर अशा एका बेटावर तोकू नावाचा कोळी होता. त्याला एकच मुलगी, नागी. तिचं लग्न झालं पलीकडच्या बेटावरच्या सेजीशी. मुलगा गुणी होता हो. निरोप देताना तोकूच्या ओठांवर 'परत ये' आलं. त्यानं ते गिळलं. मग होडी सुटली. पुन्हा आलं, पुन्हा गिळलं. मग आभाळ काळंकुट्ट झालं, लाटा उठल्या आणि होडी दिसेनाशी झाली. आता मात्र त्याला राहवेना. संसार मोडला तर मोडू दे, पोरगी जगू दे. तो कमरेएवढ्या पाण्यात शिरून ओरडला, "नागी, परत ये."

शब्द लाटांवरून गेला. मग सकाळी नागी एका फळीला धरून किनाऱ्याला लागली. एकटीच.

"तुमची हाक आम्ही दोघांनी ऐकली, बाबा," ती म्हणाली. "मी हाकेच्या दिशेनं आले. ते म्हणाले, तू जा, मला कुणी बोलावलं नाही."

जावयाचं नाव घ्यायचं तोकूला सुचलंच नव्हतं. वाईट नव्हता तो, बाप होता. पण सेजी गेला तो गेलाच.

मग नागी हळूहळू जेवू लागली, फार उशिरा हसूही लागली. आणि त्या बेटावरून होडी निघाली, की किनाऱ्यावरची माणसं होडीतल्या एकेकाचं नाव घेऊन 'परत ये' म्हणू लागली. लग्नाची होडी असली तरी. मग ती सगळी सुखानं राहिली, राहता येतं तेवढी.

चला, झोपा आता. शमे, सकाळी परत ये. निनाद, परत ये. चिंगे, तूही ये गं. आणि काल आलेला हा पाहुणा? तुझं नाव काय रे बाळा? ते सांग आधी, मग डोळे मीट.