नामीबाईंची मंडळी

बर्णबा महाराज आज कोणत्या गावी असतील, हे कुणालाच सांगता येत नसे. खांद्यावर एकतारी घेऊन ते सह्याद्रीच्या वाड्यावस्त्यांतून पायी हिंडत आणि प्रभू येशूचे कीर्तन करीत. गावात शिरले की ते आधी विचारत, "इथे एकटे कोण राहते?" आणि त्याच घरी उतरत. भरल्या घरात आपले काय काम, असे त्यांचे म्हणणे. असेच एका भाद्रपदात महाराज घाट उतरून कातळवाडीला आले. तिथे तो प्रश्न विचारायलासुद्धा कुणी भेटले नाही.

एके काळी कातळवाडी ख्रिस्ती कुटुंबांची नांदती वस्ती होती. रविवारी प्रार्थनाघरात बसायला जागा पुरत नसे, मग उशिरा येणारे उंबऱ्याबाहेर घोंगडी टाकून बसत. नाताळला साऱ्या वाडीचे एकच प्रीतिभोजन. पुरुष लाकडे फोडत, बायका पुरणाला बसत, आणि कुणाच्या घरची कढई कुठे गेली याचा शोध पुढे आठवडाभर चाले. मग तापाची साथ आली आणि तीत काही घरे बुडाली. उरलेली माणसे पोटामागे शहरात गेली. मागे राहिल्या त्या एकट्या नामीबाई. पती आणि दोन्ही लेकी त्यांनी तिथल्याच मातीत ठेवल्या होत्या. ती माती सोडून जायला त्यांचे मन घेईना.

तरी दर रविवारी नामीबाई प्रार्थनाघर झाडत, साऱ्या मंडळीला पुरतील एवढी तरटे अंथरत आणि एकट्याच भजन म्हणत.

महाराज पोचले त्या सकाळीच सीलासराव मक्तेदार तिथे येऊन गेले होते. सीलासराव याच वाडीत जन्मले, पण लहानपणीच आईबरोबर तालुक्याला गेले आणि तिथे मोठे झाले. आता तालुक्यात नवे चर्च उभे राहत होते आणि त्याचे काम त्यांच्याकडे होते. जुन्या प्रार्थनाघराच्या सागवानी तुळया काढून तिकडे वापराव्यात, असे त्यांनी पंचांकडून कबूल करून घेतले होते. तुळया पाहायला आत शिरले तर समोर तरटे अंथरलेली.

"कुणासाठी गं ही बैठक, म्हातारे?" ते हसून म्हणाले. "घुशी येतात वाटतं भजनाला?"

"माणसं बसायची तिथं," नामीबाई म्हणाल्या.

"बसायची! आता मंडळी म्हणजे तू आणि तुझी सावली. उद्या सकाळी गडी घेऊन येतो. तेवढी ही चिंध्यांची रास उचलून ठेव."

एवढे बोलून ते घाट चढून गेले.

महाराजांना नामीबाई दिसल्या त्या प्रार्थनाघराच्या पायरीवर. त्यांनी उठून "जय ख्रिस्त" केला, पाणी दिले, भाकरी केली. महाराजांचे जेवण झाल्यावर त्यांनी ताट उचलले. मग हळूच म्हणाल्या, "बाबा, उद्या तुळयांसाठी हे छप्पर काढणार आहेत. त्याचं दुःख नाही हो एवढं. पण परवा भजन म्हणता म्हणता मधेच थांबले. वाटलं, कुणाला ऐकवते मी? देवालाही कंटाळा आला असेल एकाच म्हातारीचा आवाज ऐकून."

महाराजांनी उपदेश केला नाही. ते म्हणाले, "कोण कुठे बसायचं, ते मला दाखवता का?"

नामीबाई महाराजांना आत घेऊन गेल्या. "इथं तबीथा. पदरात फुटाणे बांधून आणायची, पोरांनी गप्प बसावं म्हणून. या खांबाशी योहानतात्या. उपदेश सुरू झाला की डोळे मिटायचे, आणि आमेनला सगळ्यांच्या आधी जागे. आणि इथं आमचे हे, डफ घेऊन." एकेका जागेपाशी महाराज हात जोडत आणि त्या त्या माणसाचे नाव घेऊन "जय ख्रिस्त" म्हणत. नामीबाई आधी हसल्या, मग रडल्या. पुष्कळ दिवसांनी ती नावे कुणीतरी मोठ्याने उच्चारली होती.

"बाई," महाराज म्हणाले, "यातले काही शहरात आहेत, काही प्रभूपाशी. पण भजन म्हणायचं कुणीच सोडलेलं नाही. तुम्ही म्हणता तेव्हा त्यांच्यातच बसून म्हणता. आणि दोघे-तिघे जमले की तो येतो, हे त्यानंच सांगून ठेवलंय. उद्या सकाळी आपण दोघं उपासना करू."

दुसऱ्या दिवशी दरीत दाट धुके उतरले. सीलासरावांना कसला धीर! गड्यांना मागून यायला सांगून ते एकटेच पुढे निघाले. अर्ध्या घाटात पायाखालची वाट दिसेनाशी झाली. ओल्या कातळावरून पाय घसरला, ते खाली आले आणि एका कारवीच्या झुडपाला धरून थांबले. पायाने चाचपून पाहिले, तर खाली काहीच लागेना. त्यांनी गड्यांना हाका मारल्या. धुक्यातून उत्तर आले नाही. त्या क्षणी त्यांना कळून चुकले की आपण इथे संपलो तर आपल्यासाठी जीव तुटेल असे माणूस आपण जोडलेलेच नाही. आईच्या मागे घरात त्यांची वाट पाहणारे कुणी नव्हते. "प्रभू," एवढेच त्यांच्या तोंडून निघाले. कित्येक वर्षांनी ते मनापासून निघाले होते.

आणि खालून भजन ऐकू आले.

"एकटी मी चालले, सोबतीला तू धनी,
दूर गेले जे सखे, भेटती तुझ्या अंगणी."

एकदोघांचा आवाज नव्हे तो. अवघी वाडी गात होती. पुरुषांचे भरड सूर होते, पोरांचे किनरे आवाज होते, डफाची थाप होती. आणि त्या सगळ्यांच्या मागून, ओळ संपली तरी शेवटचा शब्द लांबवीत राहणारा एक आवाज होता. सीलासरावांनी कान दिला. तशी ओळ लांबवायची एकच बाई त्यांना ठाऊक होती. त्यांची आई.

तो सूर डावीकडून येत होता. त्यांनी डावा हात लांबवला. एक मूळ लागले, मग पायाला खोबण लागली. आवाज थांबला की ते थांबत, उमटला की सरकत. असे करीत ते वाटेला लागले आणि चिखलाने माखलेले प्रार्थनाघराच्या दारात येऊन उभे राहिले.

आत दोघेच होते. महाराज एकतारी छेडीत होते आणि शेजारी नामीबाई घोगऱ्या सुराने गुणगुणत होत्या. बाकी तरटे रिकामी.

"बाकीचे कुठे गेले?" सीलासरावांनी विचारले.

"कोण बाकीचे?" नामीबाई गोंधळल्या. "आम्ही दोघंच तर आहोत, बाबा."

"नाही मावशी. आई होती. मी ऐकलं तिला." ते दारातच खाली बसले आणि झालेले सारे त्यांनी सांगितले.

ऐकता ऐकता नामीबाईंचे हात जुळले. सीलासराव उठून महाराजांच्या पायांवर वाकू लागले, तसे महाराजांनी त्यांना अडवले. महाराज म्हणाले, "मी कालचा पाहुणा. हे भजन इथे तेवत ठेवलं ते यांनी."

तेव्हा तालुक्याचे ते मोठे मक्तेदार चिखलाने भरलेल्या अंगाने नामीबाईंपुढे गुडघे टेकून वाकले. "मावशी, घुशी म्हणालो मी. आईलाच म्हणालो की."

नामीबाईंनी पदराने त्यांचे कपाळ पुसले. "रिबकाचा लेक तू," त्या म्हणाल्या. "हो जरा पुढं. दारात वारा लागतो. अजून दोन कडवी राहिलीत."

वर घाटात गड्यांच्या हाका ऐकू येत होत्या. सीलासराव उठले नाहीत. मान खाली घालून ते नामीबाईंच्या मागून एकेक ओळ म्हणत राहिले.