गालिच्यावरचं भडंग

मोरेश्वररावांच्या बायकोला, कुमुदताईंना, जुन्या व्हॅक्यूम क्लीनरचा भारी नाद. ऑनलाइन मागवलेला एक घरी येऊन बंदच निघाला, तेव्हा त्या नवऱ्याला घेऊन थेट सांगलीत जहागीरदारांच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात गेल्या.

तिथे गालिच्यावर दोन क्लीनर मांडलेले, अगदी जुळ्या भावांसारखे. जहागीरदार मिशीवरून बोट फिरवत म्हणाले, "यातला एकच चालतो. ओळखलात तर फुकट न्या. चुकलात तर बंद असलेला पूर्ण किमतीला घ्यायचा."

"प्लग लावून बघू?"

"छे! पारखी नजरेला वीज लागत नाही, बाई."

मोरेश्वरराव खिशातलं पाकीट चाचपू लागले. कुमुदताईंनी मात्र पर्समधली भडंगाची पुडी फोडली आणि अख्खी गालिच्यावर ओतली.

"अहो, काश्मिरी गालिचा आहे तो!" जहागीरदार किंचाळले. त्यांनी झडप घालून डावीकडचा क्लीनर ओढला, प्लग खुपसला, बटण दाबलं. घुर्रर्र करत भडंग गायब!

इतकी वर्षं हिच्याशी वाद घालायला आपण धजावलो तरी कसे, याचंच मोरेश्वररावांना नवल वाटलं.

"नजर तुमचीच पारखी हो," कुमुदताई हसून म्हणाल्या. "हाच बांधून द्या."