गरुडनखीचे तीन वाण

एका राज्यात, जिथे हिमशिखरावरचा वारा थेट नगरात उतरे, चंद्रवर्मा नावाचा राजा होता. धूम्रकेश मांत्रिकाने त्याला गरुडनखीची तीन फुले नजर केली. राजाने त्यांच्याकडे धड पाहिलेही नाही.

"फूल ते फूल. मला सगळी सारखीच," राजा म्हणाला.

"तर मग तुला आणि तुझ्या प्रजेला माणसेही सारखीच दिसोत," मांत्रिक म्हणाला आणि धूर होऊन निघून गेला.

त्या क्षणापासून नगरात कोणी कोणाला ओळखेना. आई लेकराला विचारी, तू कुणाचा? राणी राजाला परपुरुष समजून दाराआड उभी राही.

कनका माळीण त्या दिवशी औषधी मुळ्या खणायला शिखरावर गेली होती, म्हणून शाप तिला लागला नाही. ती परतली, तेव्हा तिचा नवरा वीरभान उंबऱ्याशी उभा होता. त्याने हात जोडले.

"बाई, आपण कोण?"

"मी कनका. याच घरची."

"असाल. पण थकलेल्या दिसता. आत या, पाणी घ्या."

स्वतःच्या घरात कनका पाहुणी झाली. ती भाकरी थापी, तो आभार मानी. रोज सकाळी तो विचारी, आपण कोण? रोज ती नाव सांगे.

एके दिवशी कुंपणावरचा भारद्वाज पक्षी म्हणाला, "कनका."

कित्येक दिवसांत तिला कोणी नावाने हाक मारली नव्हती. तिचे डोळे भरून आले.

"तीन शिखरांवरून गरुडनखीच्या तीन वाणांचे बी आण," पक्षी म्हणाला. "ते आपल्या अंगणात फुलव. मग राजाकडून तिन्ही ओळखून घे. ज्याच्या तोंडामुळे शाप आला, त्याच्याच तोंडून तो उतरेल."

कनका तीन शिखरे चढली. काळेभोर, तिळाहून लहान बी पदरात बांधून आणले आणि उबदार खतात खोल पुरले. पहिला हिवाळा सरला, पण काहीच उगवले नाही.

"हे बी थंडी सोसल्यावाचून जागे होत नाही," पक्षी म्हणाला. "आणि त्याला उजेड दिसावा लागतो." एवढे सांगून तो दक्षिणेला उडून गेला.

दुसऱ्या हिवाळ्यात कनकाने उरलेले बी मातीवर पसरले, तळव्याने नुसते दाबले आणि वर बर्फ घातला. वसंतात कोथिंबिरीसारखी निळसर पाने आली, पण फूल एकही नाही. तिसऱ्या हिवाळ्यात तीही पाने सुकून गेली. कनका उघड्या वाफ्याशी बसून राही. एकदा वीरभान जवळ आला.

"आपले कुणी हरवले आहे का?"

"हो."

"सापडेल," तो म्हणाला, परक्याने परक्याला म्हणावे तसे.

वसंतात मुळांतून कोंब फुटले आणि चाळीस रोपे फुलली. पण शिखरांवरच्या मधमाश्यांनी वाण केव्हाच मिसळून टाकले होते. बहुतेक फुले ना धड निळी, ना धड पिवळी. कनकाने एकेका फुलामागची नखी, म्हणजे गरुडाच्या नखासारखे निमुळते टोक, बोटाने चाचपली. मिसळलेले रोप दिसले की उपटले. शेवटी तीन उरली.

ती राजवाड्यात गेली. चंद्रवर्मा पायरीवर एकटाच बसला होता. त्याला कोणी मुजरा करत नव्हते.

"महाराज, माझ्या अंगणात चला."

तो आला, उभ्यानेच म्हणाला, "सारखीच आहेत."

"ही फुले मान खाली घालतात, महाराज. पाहायची तर गुडघे टेकावे लागतात."

राजाने गुडघे टेकले. एकेक फूल बोटाने वर उचलून पाहिले.

"या निळीची नखी आकड्यासारखी वळलेली आहे," तो हळूच म्हणाला. "पिवळीची लांब, सुईसारखी सरळ. आणि पांढरीला नखीच नाही. या तिघी वेगळ्या आहेत."

तोच गल्लीत कोणी तरी कोणाला नावाने हाक मारली. मग दुसरी हाक आली, मग शेकडो. राजा उठला आणि राणीचे नाव घेत वाड्याकडे धावला.

वीरभान दारात येऊन उभा राहिला. तो कनकाकडे पाहतच राहिला.

"कनका, इतक्यात परतलीस? सकाळीच तर शिखरावर गेलीस. आणि तुझ्या केसांत ही चांदी कुठून आली?"

कनकाने पदराने हात पुसले.

"थंडी फार होती," ती म्हणाली.

त्याने तिचा हात धरून तिला उंबऱ्यावर बसवले, आणि ती पहिल्या दिवसापासून सांगू लागली.